एका नावाच्या मागं मागं

लंडनच्या ट्राफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत जायला पैसे पडत नाहीत, पण आत दोन हजारांवर चित्रं आहेत. सगळी बघायला निघालं की डोळे शिणतात आणि मनात एकही उरत नाही. म्हणून मी एकच नाव धरलं: कॅथरीन. कारण आमच्या गोव्यातलं. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० ला, संत कॅथरीनच्या सणादिवशी. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल म्हणून तिच्या नावाचं. लहानपणापासून तिथं जात आलो. ही बाई कोण, हे कधी विचारलं नव्हतं.

कथा सांगते ती अशी. अलेक्झांड्रियाच्या या विदुषीशी वाद घालायला सम्राटानं पन्नास पंडित बसवले, तिनं सगळ्यांना निरुत्तर केलं. मग खिळ्यांच्या चाकावर तिला फाडायचा हुकूम सुटला, तर चाकच मोडलं. शेवटी शिरच्छेद. गरगरणाऱ्या ज्या फटाक्याला इंग्रज ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात, ते हेच चाक. आपल्या भुईचक्राचं भावंडच म्हणा ना!

गॅलरीतल्या मेमलिंगच्या तीन फळ्यांच्या चित्रात ती चित्र करवून घेणाऱ्या दात्याच्या पाठीशी उभी आहे. क्रिव्हेलीचं चित्र जेमतेम दोन वीत उंच. त्यातल्या कोनाड्याच्या कडेला माशी बसलेली दिसली. वाकून पाहतो तो काय, माशी रंगवलेली! पाचशे वर्षं ती तिथंच बसून आहे. राफाएलची कॅथरीन (सुमारे १५०७) तर त्या जीवघेण्या चाकाला अशी रेलली आहे, जशी आपण गच्चीच्या कठड्याला रेलतो. नजर आभाळाला लागलेली.

पण पाय खिळले ते आर्टेमिसिया जेंतिलेस्कीच्या चित्रापुढं. १६१५ ते १७ च्या सुमारास तिनं कॅथरीनला स्वतःचाच चेहरा दिला. त्याआधी काही वर्षं आर्टेमिसियावर बलात्कार झाला होता. १६१२ साली रोममध्ये खटला चालला, आणि ती खरं बोलते का हे पाहायला न्यायालयानं तिच्याच बोटांना दोऱ्या आवळल्या. चित्रकाराच्या बोटांना! आता या चित्रातले हात पाहा. एका हातात हौतात्म्याची झावळी, दुसरा मोडक्या चाकावर, लोखंडी खिळ्यांच्या शेजारी, निवांत ठेवलेला. राफाएलची वर पाहते. ही थेट आपल्याकडे पाहते. मला त्या नजरेला नजर देता येईना. हे चित्र गॅलरीनं २०१८ साली ३६ लाख पौंडांना घेतलं. माझ्या लेखी त्या सगळ्या कॅथरीनमध्ये ही एकच खरी कॅथरीन.

परत आल्यावर पहिल्यांदा से कॅथेड्रल गाठलं. मुख्य वेदीच्या सोनेरी फळ्यांवर तिचीच जीवनकथा कोरलेली आहे, इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. जुन्या गोव्यात गेलात तर कॅथेड्रलची प्रसिद्ध घंटा पाहून माघारी फिरू नका, वेदीपर्यंत जा.