सात मोटारींचे आख्यान

नामवंतांच्या पडझडीच्या गोष्टी आपण इतक्या आवडीने का ऐकतो, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: मत्सर. त्यांना जे मिळाले ते आपल्याला मिळाले नाही, म्हणून ते त्यांच्या हातून गेले की आपल्याला बरे वाटते. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. मत्सर असता तर त्याच माणसांची छायाचित्रे आपण उमेदीच्या काळात कपाटाच्या दाराला आतून चिकटवली नसती. शिवाय ह्या गोष्टी ज्या स्वरात सांगितल्या जातात त्यात हळहळ असते, आणि ती खोटी नसते. माझ्या मते ह्या आवडीचे मूळ आपल्या हिशेबी स्वभावात आहे. ज्याने नोकरी धरून ठेवली, पैसा राखला, दिवेलागणीला घरी परतला, त्याच्या सावधपणाचे मोल कुठेतरी मांडले जावे, अशी त्याची इच्छा असते. पण टळलेले संकट डोळ्यांना दिसत नाही. ते दिसायचे तर दुसऱ्या कुणावर तरी कोसळावे लागते, आणि तो दुसरा सर्वांच्या ओळखीचा असावा लागतो.

परमुलखात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत ही वृत्ती अंमळ जास्तच. आपले पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड ह्यांच्याबरोबर तलवार घेऊन आले, असे आपण समारंभांतून सांगतो; प्रत्यक्षात पुष्कळांचे पूर्वज आले ते बोरू घेऊन. फडणिशी, चिटणिशी, संस्थाने विलीन झाल्यावर सरकारी कारकुनी आणि मास्तरकी. पहिल्या तारखेचा पगार हे आमचे कुलदैवत. कलेचे प्रेम आम्हांला कमी नाही. लताबाईंचा जन्म आमच्या इंदुरातला, १९२९ सालचा, हे आम्ही पाहुण्याला चहाआधी सांगतो. मात्र कलावंत दिवाणखान्यातल्या तसबिरीत शोभतो. तो स्वयंपाकघरातून बाहेर येऊ लागला की घरातील वडीलधारी मंडळी घसा खाकरतात.

आमच्या घरी हे खाकरणे एका ठरावीक गोष्टीच्या रूपाने होत असे. ती गोष्ट होती भगवानदादांची. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३चा, गिरणी कामगाराचा मुलगा. कुस्तीचा नाद, मूकपटांपासून पडद्यावर वावर, मग कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढून कमावलेले नाव, चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ. १९५१ साली त्यांनी ‘अलबेला’ काढला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचे, नायक स्वतः, आणि तोही असा की ज्याच्याकडे पाहून कोणत्याही सामान्य शरीरयष्टीच्या माणसाला वाटावे, हे आपल्यालाही जमेल. त्या वेळी देशभर लोक त्या गाण्यांवर नाचले. त्यानंतरचे चित्रपट तसे चालले नाहीत, पैसा गेला, स्टुडिओ गेला, जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, आणि दादा अखेरीस दादरच्या चाळीत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

आमचे वडील, नाना, सरकारी हिशेब खात्यात होते. ते ही गोष्ट सांगत तेव्हा दादा हयात होते आणि मिळेल ती लहानसहान कामे करीत होते. नानांच्या कथनात ‘अलबेला’ एका वाक्यात उरके. सारा भर सात मोटारींवर. “वाराला एक मोटार! सोमवारची निराळी, मंगळवारची निराळी.” मग थोडे थांबून, “आणि आता?” एवढेच म्हणत. उत्तर ते देत नसत. जेवणारे सर्व जण पानाकडे पाहत राहत.

१९७२ साली ही गोष्ट एका विशिष्ट रात्री सांगितली गेली. माझे थोरले बंधू, अण्णा, तेव्हा चोवीस वर्षांचे होते. गणेशोत्सवातली नाटके, मंडळाच्या स्पर्धा ह्यांत त्यांचे नाव झाले होते. मुंबईच्या एका नाटक कंपनीचा दौरा इंदुरात आला असता तिच्या मालकांनी त्यांचे काम पाहिले आणि बोलावणे धाडले. पगार थोडा, पण मुंबईत राहण्याची सोय. नानांनी नकार दिला नाही. आवाजही चढविला नाही. त्या रात्री पानावर त्यांनी सात मोटारींची गोष्ट सांगितली, मला आठवते ती नेहमीपेक्षा सावकाश. पुढच्या पंधरवड्यात अण्णा कोषागारात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. छत्तीस वर्षे त्यांनी तिथे काढली. त्यांच्या नोंदवहीत खाडाखोड नसे, अशी त्यांची ख्याती होती.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, ती आमच्या वाड्यातल्या बायकांमुळे माझ्या लक्षात राहिली. ‘पाकीज़ा’ ४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला होता आणि सुरुवातीला त्याला म्हणावी तशी गर्दी नव्हती. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने. मग चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. वाड्यातल्या ज्या बायका कधी एकट्या बाहेर पडत नसत त्या घोळक्याने जाऊन आल्या आणि परतल्यावर पदराने डोळे पुसत बोलल्या त्या चित्रपटाविषयी कमी, दारू आणि मोडलेला संसार ह्यांविषयी अधिक. पडद्यावरच्या बाईचे दुःख आणि पडद्यामागच्या बाईचे दुःख त्यांनी एकात एक कालवून टाकले होते. मी त्यांना नावे ठेवीत नाही. ज्यांना स्वतःच्या दुःखाबद्दल बोलायची सोय नव्हती त्यांना दुसरीच्या नावाने रडायला जागा मिळाली, हा ह्या प्रकरणाचा चांगला भाग. पण ह्याच बायका घरी मुलींना काय सांगत होत्या? “बघ, कसे होते ते.” अश्रू वाळायच्या आत हिशेब मांडून झालेला असे.

आता सात मोटारींकडे पुन्हा वळतो, कारण त्या गोष्टीत काय होते ह्यापेक्षा काय नव्हते ते मला पुढे अधिक विचार करायला लावू लागले. मी स्वतः पस्तीस वर्षे शासनाच्या सेवेत अंदाजपत्रके तपासली आहेत. सात मोटारींच्या पेट्रोलात स्टुडिओ बुडत नाही, एवढे मला समजते. स्टुडिओ बुडतो तो भांडवलात. त्या काळचा निर्माता अनेकदा स्वतःच्या नावावर कर्ज काढी. चित्रपट पडला की देणेकरी घराच्या दाराशी. किशोरकुमारांना घेऊन आरंभलेला ‘हँसते रहना’ पुराच झाला नाही आणि त्यात दादांचा बराच पैसा अडकला, असे सांगतात. ‘झमेला’ आणि ‘लाबेला’ ह्यांनी ‘अलबेला’चे यश परत आणले नाही. ज्या धाडसाने ‘अलबेला’ झाला त्याच धाडसाने पुढचे चित्रपट झाले. एकदा ते फळले, पुढे फळले नाही. पण असे म्हटले तर गोष्टीतून धडा निघत नाही, म्हणून मोटारी हव्यात. मोटारी म्हणजे माज, आणि माजाला शासन, असा सोपा ताळेबंद.

दुसरी गळालेली बाब अधिक गंभीर आहे. १९४०च्या दशकात एका चित्रीकरणाच्या वेळी दादांनी ललिता पवारांना थप्पड मारण्याचे दृश्य होते. थप्पड इतक्या जोराने बसली की त्या तरुण नायिकेच्या चेहऱ्याला अर्धांगवायूचा विकार जडला, डोळा कायमचा बारीक झाला. तिने उपचार घेतले, काही वर्षांनी ती परत आली आणि खाष्ट सासूच्या भूमिकांत साऱ्या देशाला तिने धाक बसविला. नायिका होण्याचे तिचे दिवस मात्र तिथेच संपले. दादांच्या आयुष्यातील कशाचा जाब विचारायचा तर तो ह्या थपडेचा विचारावा. ते कृत्य हेतुपूर्वक नव्हते हे धरूनही. आमच्या नानांना ही हकीकत ठाऊक होती. त्यांच्या गोष्टीत मात्र ती कधी आली नाही, आणि मी इतरत्र ऐकलेल्या सात मोटारींच्या गोष्टींतही ती नव्हती. दुसऱ्याच्या अंगावर पडलेल्या घावापेक्षा स्वतःच्या पैशाची उधळपट्टी आम्हांला मोठा अपराध वाटते, असा ह्याचा अर्थ काढला तर कुणी रागावू नये.

तिसरी बाब तर नानांच्या हयातीत पुरती घडलेलीही नव्हती. दादरच्या त्या चाळीसमोरून गणपतीची मिरवणूक जाताना थांबत असे, वाजंत्री ‘अलबेला’तली धून धरीत असे, आणि म्हातारे भगवानदादा नाचत असत. चाळीतल्या लोकांना ते दया दाखविण्याचे निमित्त वाटत नव्हते. त्यांच्या लेखी तो त्यांच्यातलाच एक मोठा माणूस होता. जिथे त्यांना प्रत्यक्ष पाहणारे लोक होते तिथे आख्यानाची गरज पडली नाही. ती आम्हांला, दूर बसून ऐकणाऱ्यांना पडली.

आख्यान हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या कीर्तनांतून राजांच्या पडझडीची आख्याने शतकानुशतके रंगली आहेत. हरिश्चंद्र डोंबाघरी पाणी भरतो, नळ द्यूतात राज्य घालवून रानोमाळ फिरतो आणि पुढे दुसऱ्याच्या पदरी सारथी होतो. श्रोते तिथेही रडत. परंतु हरिश्चंद्राचे हाल पाहून “बरे झाले आपण राजे नव्हतो” असे बुवा कधी म्हणत नसत. तिथे संकट हे त्या माणसाची परीक्षा असे आणि श्रोता मनाने त्याच्या बाजूला उभा राही. नळ तर धडधडीत जुगारी. तरी दमयंती त्याला शोधते आणि श्रोत्यांना तो सापडायला हवा असतो. नटांच्या आणि खेळाडूंच्या बाबतीत आपण हेच आख्यान घेतले आणि श्रोत्याची जागा बदलली. तो आता समोर, पंचाच्या खुर्चीत बसतो.

डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभातले विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर ह्यांच्या भेटीचे चित्रीकरण दोन दिवसांत आमच्या निवृत्तांच्या प्रत्येक गटात फिरले. एक जण खुर्चीत बसलेला, थकलेला, मित्राचा हात सोडायला नाखूश, दुसरा सुस्थितीत. खाली मजकूर ठरलेला: प्रतिभेला शिस्तीची जोड नसली की काय होते पाहा. १९८८ साली शाळेच्या सामन्यात ह्याच दोघांनी ६६४ धावांची भागीदारी केली होती, म्हणून ह्या आख्यानाला दोन सरळ रकाने मिळाले, जमा आणि नावे. असा सुबक ताळेबंद भगवानदादांच्या वेळी नानांनाही मिळाला नव्हता.

त्या मजकुरात कांबळींची कसोटीतली सरासरी मात्र कुणी लिहिली नाही. ती ५४.२० आहे. १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोट्यांत २२४ आणि २२७. एकूण कसोट्या सतरा, आणि शेवटची खेळले तेव्हा वय तेवीस. लोकांच्या स्मरणात ह्या संख्या नाहीत. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवरून रडत परतणारा तरुण आहे. त्यांनी २०२२ साली जाहीरपणे सांगितले होते की क्रिकेट मंडळाचे तीस हजारांचे मासिक निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न आहे आणि आपल्याला काम हवे आहे. ती बातमी वाचून माझ्यासारख्या किती निवृत्तांच्या मनात पहिला विचार आला असेल की आपले निवृत्तिवेतन ह्याहून जास्त आहे? तो विचार दुष्टपणाचा नाही. पण कसोटीत दोन द्विशतके काढलेल्या माणसाशी आपली तुलना करण्याची संधी आपल्याला फक्त ह्या एकाच रकान्यात मिळते, आणि आपण ती सोडीत नाही.

व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात हे मला मान्य आहे. शासकीय वसाहतीत मी ती जवळून पाहिली आहेत. त्या घरांतला कर्ता पुरुष प्रसिद्ध नव्हता, म्हणून त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही आणि त्याच्या बायकोच्या मदतीलाही फारसे कुणी गेले नाही. प्रसिद्ध माणसाच्या पतनातून लोक सावध होतात म्हणावे, तर त्या वसाहतीतला प्रत्येक जण ह्या गोष्टी ऐकूनच मोठा झाला होता.

गेल्या दिवाळीत अण्णांच्या घरी सगळे जमलो होतो. त्यांची नात संगणकाच्या कंपनीत चांगल्या नोकरीवर आहे. ती सोडून मुंबईला जाऊन नाटकात काम करायचे, असे तिने फराळाच्या वेळी सांगितले. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पुतण्याने, आवाज चढविला नाही. मोबाइल काढला आणि शिवाजी पार्कचे ते चित्रीकरण लावले. ताटांवर तशीच शांतता पसरली. अण्णांनी शेवटपर्यंत ते पाहिले. नंतर मोबाइल पुतण्याच्या हाती परत दिला, चष्मा पुसला आणि नातीला विचारले, “तिकडे खोलीचे भाडे किती पडते?” तिला नक्की माहीत नव्हते. अण्णांनी मला आतून कागद-पेन्सिल आणायला सांगितली. भाडे, अनामत रक्कम, लोकलचा पास, डबा, काम न मिळालेले महिने किती धरायचे, हे सर्व त्यांनी त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात एकाखाली एक लिहायला घेतले. काम न मिळालेल्या महिन्यांवर दोघांचे एकमत होईना. ती चार म्हणत होती, अण्णा नऊ धरा म्हणत होते.