कुंचिका

कात्रजला राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी नळाला पाणी नव्हतं. ज्या कात्रजच्या तलावाचं पाणी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं, त्या कात्रजला!

"अप्पा, बादली घेऊन खाली जाऊन येतो."

"बादली नव्हे, घट म्हण!"

आमच्या वडिलांचं शुद्ध भाषेचं वेड दांडगं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, मग घरात आपण का नाही, असा त्यांचा सवाल. बादली मूळची पोर्तुगीज 'बाल्दे', हे मीच एकदा बोलून गेलो होतो. भोगतोय. चावीही पोर्तुगीज, म्हणून तिची 'कुंचिका' झाली. तोंड पुसणारा फारसी रुमाल 'मुखमार्जनी' झाला. अडकित्ता कानडी, पण ते शेजारचे, म्हणून माफी. कपाट अस्सल संस्कृत निघालं, फक्त तिकडे त्याचा अर्थ दार!

"म्हणजे मामंजी, इतकी वर्षं मी साड्या दारात ठेवत्ये?" बायकोनं विचारलं.

घोडं अडलं पायजम्यापाशी. त्यातला 'पाय'सुद्धा आपला नव्हे, फारसी. अप्पांनी आठ दिवस नेटानं धोतर नेसलं. नवव्या दिवशी गुडघे बोलले आणि अप्पा गुपचूप पायजम्यात दिसले. आम्ही कोणी काही बोललो नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. त्यांचं कपाट उघडलं, तर आत एक वही. डावीकडे परके शब्द, उजवीकडे त्यांनी घडवलेले. पायजम्यासमोर एवढंच: 'असू दे.'

"चावी कुठं ठेवू?" बायकोनं हळूच विचारलं.

"कुंचिका," मी म्हणालो.