ट्रॉलीचा टायर

गाळपाच्या हंगामांत कळसच्या रस्त्यानें उंसानें भरलेल्या ट्रॉल्या जाऊं लागल्या म्हणजे आमचें लक्ष मोळ्यांपेक्षां चाकांकडे अधिक जातें. ट्रॅक्टरचें इंजिन जिवापाड जपणारे कित्येकजण ट्रॉलीचा टायर बदलतांना मात्र वरची नक्षी पाहूनच जुना माल स्वस्तांत घेतात. परंतु रबर केवळ चालण्यानेंच झिजतें असें नव्हे. उन्हांत नुसत्या उभ्या ट्रॉलीचें रबरही वयानें कडक होऊन तडकतें. यास्तव टायरच्या कडेवरील तारखेचे चार आंकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे; '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर भरल्या ट्रॉलीचें ओझें पेलणारा असावा. एका आंसावर एकाच मापाचे टायर असावेत. हवा टायर थंड असतां तपासावी. हवा कमी असली म्हणजे तो तापून फुटतो.

बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हादरे बसूं नयेत म्हणून हवेचा टायर बनविला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पित्याच्या मायेंतून निघालेली ही वस्तु आहे. विद्यार्थ्यांनो, घरच्या ट्रॉलीवरील ते चार आंकडे वडिलांस वाचून दाखवा. त्याच रस्त्यानें तुमचीं धाकटीं भावंडें सायकलीवरून शाळेस येतात.