व्हिएन्नाची तयारी

रविवार, रात्र

व्हिसाची फाईल एकदाची मार्गी लागली. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, तोही झाला. उरलं हॉटेल. यंदा कंपनीचा हात सढळ आहे, म्हणून इम्पीरियल बघतेय. वुर्टेमबर्गच्या ड्यूकसाठी बांधलेल्या या राजवाड्याचं १८७३च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं हॉटेल झालं. बड्या पाहुण्यांची बडदास्त ठेवणं हा या शहराचा जुनाच धंदा दिसतो!

नकाशा उघडला की मात्र खोल्यांपेक्षा रस्त्यातच जीव गुंततो. १८५७मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफनं जुनी तटबंदी पाडायचा हुकूम काढला. तिच्या जागी पाचेक किलोमीटरची रिंगस्ट्रास झाली. मोकळे झालेले भूखंड विकून सरकारी इमारतींसाठी पैसा उभारला गेला. ऑपेरा, संसद, सावकारांचे वाडे, सगळं त्यातूनच आलं. असा व्यवहार आमच्या फायनान्सवाल्यांनाही आवडावा.

कराराचं बोलणं कॉफीहाऊसमध्ये करावं म्हणते. तिथे चकचकीत तबकातून कॉफी येते, शेजारी पाण्याचा पेला आणि त्यावर उपडा ठेवलेला चमचा. एका कपावर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. बिझनेस क्लासचं तिकीट काढूनही आमच्या वाट्याला नेमकी हीच ऐश येत नाही. पैसा कंपनीचा, वेळही कंपनीचाच.

म्हणून परतीचं तिकीट शनिवारऐवजी सोमवारचं मागितलंय. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. बरंच झालं, नातेवाइकांची चॉकलेटांची यादी परस्पर कटाप!