पावलांचा हिशेब

चालणे ही मोजून ठेवण्याची बाब आहे, असे आमच्या वडीलधाऱ्या माणसांना कधी वाटले नाही. लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हा भोंगा होण्याच्या आत दरवाजा गाठणे एवढाच चालण्याचा हिशेब असे. आता त्या जागी टोलेजंग इमारती उभ्या आहेत आणि हिशेब मनगटावरच्या पट्ट्यात जाऊन बसला आहे.

गेल्या नाताळच्या सुटीत आमची वसईची भाचरे आठ दिवस गिरगावात मुक्कामाला आली, ती असे पट्टे बांधूनच. मुंबई पायी पाहायची आणि रोज दहा हजार पावले भरायची, असा त्यांचा बेत. एक जादा पट्टा त्यांनी मोठ्या हौसेने आजीच्या, म्हणजे आमच्या मातोश्रींच्या मनगटावर बांधला. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, हाती काठी.

पहिल्या दिवशी मुलांनी खोताची वाडी पाहिली, मग चौपाटीवरून नरिमन पॉइंट गाठले. हे अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर. सत्तर सेंटिमीटरचे पाऊल धरले, तर जाताना पाच हजार आणि येताना पाच हजार. बेत तेथेच पुरा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही आईसह दादरला गेलो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते. फेरीअखेर थोरल्या भाच्याच्या पट्ट्यावर सोळाशेच्या घरातला आकडा होता. आईच्या पट्ट्यावर जेमतेम साडेसातशे. वास्तविक आईचे पाऊल आखूड. तेवढ्याच वाटेला तिची पावले अडीच हजारांच्या आसपास पडली असणार.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. जुन्या, कमरेला लावायच्या यंत्रात स्प्रिंगवरचा छोटा दांडा प्रत्येक हिसक्यासरशी खाली-वर होई. आजच्या पट्ट्यात गतीतील बदल टिपणारी सूक्ष्म चिप तेच काम करते. ठराविक लयीचा, पुरेशा जोराचा हिसका बसला, तरच ते पाऊल धरले जाते. हळू, जमिनीलगत सरकणारे पाऊल त्यातून निसटते. काठी धरलेला हातही मोकळा हलत नाही. ज्याला चालण्याचे सर्वांत अधिक कष्ट पडतात, त्याचीच पावले सर्वांत कमी मोजली जातात!

तिसऱ्या दिवशी लालबागला निघायचे होते. आई उठली नाही. म्हणाली, "तुम्ही जा. माझं चालणं यंत्रसुद्धा धरत नाही. मी कशाला मागे लोंबकळू?" डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले, गुडघे दुखत असताना ती वर्षभर नेमाने चालत आली होती. त्या नेमाला एका आकड्याने दृष्ट लागावी, याचे आम्हाला वाईट वाटले.

आणि हा दहा हजारांचा आकडा तरी कोठून आला? टोकियोचे ऑलिंपिक १९६४ साली झाले; पुढल्याच वर्षी जपानच्या यामासा कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक'. विक्रीसाठी घेतलेले ते नाव पुढे आरोग्याचा नियम होऊन बसले. २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांचे सरासरी वय बहात्तर होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे अधिक फरक दिसेना.

हे आम्ही आईला समजावून सांगितले. परंतु तिला उठवले ते धाकट्या भाचीने. "आजी, तुझी पावलं मी मोजते," म्हणत तिने हात धरला. भारतमाता चित्रपटगृहापासून चिवडा गल्लीपर्यंत ती दर शंभर पावलांना एक बोट मिटत गेली. भाचीच्या हिशेबाने तेराशे पावले झाली, पट्ट्याच्या हिशेबाने चारशे. मग तिने तो पट्टा आजीच्या घोट्यावर बांधून पाहिला आणि परतताना दोन्ही आकडे बरेच जवळ आले. आईला एवढे हसताना आम्ही फार दिवसांनी पाहिले.

यंत्र टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. बसून राहणाऱ्याला ते उठवते, हा त्याचा मोठाच गुण. पण वाचकहो, घरातील वृद्धांना ते देण्यापूर्वी शंभर पावले तोंडाने मोजून त्याची पारख अवश्य करावी. त्यांच्या आकड्याची तुलना नातवंडांच्या आकड्याशी न करता त्यांच्याच गेल्या आठवड्याशी करावी. चालताना त्यांना धाप न लागता बोलता येते ना, हेही पाहावे. आणि त्यासाठी बोलायला कोणीतरी त्यांच्या चालीने, त्यांच्या शेजारून चालत असावे.