सोडियमचा पिवळा दिवा

आमच्या गावाला पुलाची शिरोली म्हणतात, पंचगंगेवरच्या पुलामुळं. पण माझ्या लहानपणापासून बाहेरच्या माणसाला 'शिरोली' म्हटलं की एमआयडीसीच आठवायची. रात्री भट्टी ओतायला लागली की पत्र्याच्या फटींतून तांबडा उजेड रस्त्यावर यायचा. कारखान्यातली काळी वाळू गड्यांच्या कानात, नाकात, घरातल्या अंथरुणात सापडायची.

आप्पा फौंड्रीत भट्टीवर होते. लोखंडाचा रस तयार झाला का नाही हे ते रंगावरनं सांगत. निळी काच डोळ्यांपुढं धरायची, आत बघायचं आणि म्हणायचं, "अजून नारंगी हाय, थांबा." कास्ट आयर्न ओतायला साधारण 1350 ते 1400 अंशांची उष्णता लागते, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आप्पांना आकडा ठाऊक नव्हता, रंग ठाऊक होता.

1994 साली मी शिवाजी विद्यापीठात फिजिक्सच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. केएमटीनं तावडे हॉटेल, तिथनं पुढं विद्यापीठ. बीएस्सीला ब्रिजलाल आणि सुब्रह्मण्यमचं ऑप्टिक्स झिजवलं होतं. न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग तर प्रत्येकानंच केलेला असतो: सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, वरनं सोडियमचा उजेड सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातनं एकात एक काळ्या-पिवळ्या कड्या मोजत बसायचं. गंमत अशी, की कड्यांना नाव न्यूटनचं आणि प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा असं मानणाराही न्यूटनच. त्या कड्यांचा सरळ अर्थ लावला तो पुढं थॉमस यंगनं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रकाशाला लाट मानून.

मला त्याहून आवडायची ती फ्रेनेलची हकीकत. 1818 साली त्यानं पॅरिसच्या अकादमीपुढं लाटांचं गणित मांडलं. परीक्षकांत प्वासाँ होता, तो कणवाला. त्यानं फ्रेनेलचंच गणित पुढं चालवून दाखवलं, की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा! म्हणजे हे सगळं खोटं, असं त्याला म्हणायचं होतं. अरागोनं प्रयोग करून बघितला. ठिपका होता.

विद्यापीठात मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर हाताळायला मिळाला. त्यातला आरसा एक मिलिमीटर सरकवला तर सोडियमच्या उजेडात जवळजवळ 3400 पट्ट्या डोळ्यांपुढनं जातात. मी शंभरेक मोजायचो तोवर मान धरायची.

त्याच हिवाळ्यात आप्पांना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षानुवर्षं भट्टीपुढं उभं राहणाऱ्यांना तो लवकर धरतो, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. भट्टीच्या उजेडाबरोबर न दिसणारा, तांबड्याच्या अलीकडचा उष्ण उजेडही डोळ्यांत जात असतो. मालकानं आप्पांना भट्टीवरनं काढून वाळूवर घातलं, पगारही कमी केला. धाकटीचं लग्न ठरत आलेलं. एका रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "उजेड लाट असंल, न्हाई तर खडा असंल. त्येनं घरात काय येतंय? एक तारखेपास्नं कामाला लाग." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी काही बोललो नाही, कारण त्यांचं चुकत होतं असंही नव्हतं.

माझे चुलते, तात्या, एमआयडीसीतच एका लहान शॉपमध्ये लॅपिंगला होते. पंपाच्या सीलच्या चकत्या घासून सपाट करायच्या. शिक्षण सातवी. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडं गेलो, ते कामाचं विचारायलाच. तात्यांनी चकती पुसली, तिच्यावर जाड काच अलगद ठेवली आणि खोक्यातला दिवा लावला. आधी लालसर, मग हळूहळू तोच पिवळा. सोडियमचा! चकतीवर काळ्या पट्ट्या उमटल्या.

"ह्ये बँड," तात्या म्हणाले. "सरळ असलं तर चकती सपाट. वाकलं तर हात चुकला. दोन बँडाच्या आत पायजे, न्हाई तर सील गळतंय."

तीन वर्षं मी प्रयोगशाळेत जे मोजत होतो ते माझे चुलते रोज मोजत होते, आणि माझ्यापेक्षा चटकन. एक बँड म्हणजे अर्धी लाट, सोडियमला 0.295 मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस याच्या दोनशेपट जाड असतो.

"पर काळं का दिसतं रं?" तात्यांनी विचारलं. "उजेड तर दोन्हीकडनं येतोय म्हणतोस."

मी त्यांना विहिरीत टाकलेल्या दोन दगडांचं सांगितलं. एकाच्या लाटेचा उंचवटा आणि दुसऱ्याच्या लाटेचा खळगा एका जागी आले की तिथलं पाणी गप्प राहतं. काचेच्या खालच्या बाजूवरनं परतलेला उजेड आणि चकतीवरनं परतलेला उजेड यांचं तसंच.

तात्या बराच वेळ बँडाकडं बघत राहिले. "म्हंजी अंधार न्हवं ह्यो. उजेडानं उजेड खाल्लाय." (खाल्लेला उजेड नाहीसा होत नाही, शेजारच्या पिवळ्या पट्टीत जातो, हे सांगायचं मी त्या दिवशी टाळलं.)

संध्याकाळी ते स्वतः घरी आले. आप्पांना म्हणाले, "दादा, आमच्या शॉपात बारा वर्सं बँड बघतोय, पर ते का पडत्यात ह्ये कुणी सांगितलं नव्हतं. पोराला परीक्षा देऊ दे. सा म्हयन्याचं मेसचं पैसं मी देतो."

आप्पांनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केएमटीच्या पासाचे पैसे उशाखालनं काढून माझ्यापुढं ठेवले.

पुढच्या पावसाळ्यात आप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते म्हणायचे, "निळा रंग लई निळा झालाय." एकदा हायवेवर बसची वाट बघत होतो. ट्रकमधनं सांडलेलं डिझेल डबक्यावर पसरून जांभळं, हिरवं, सोनेरी झालं होतं. आप्पा खाली वाकले.

"ह्ये सुदिक तुमच्यातलंच का रं?"

"व्हय आप्पा."

"मग सांग की. बस यायला येळ हाय."