चांदणीचा खरारा

घोड्याशी आमचा पूर्वसंबंध काय तो घोडेमोडणीपुरता. डिचोलीकडच्या आमच्या गावी शिगम्यात कमरेला बांबूचा घोडा बांधून, हाती तलवार घेऊन, ढोलांच्या ठेक्यावर नाचण्याची प्रथा आहे. लहानपणी तो घोडा आम्ही मनसोक्त हाताळला. त्याची मान कुरवाळली, शेपूट ओढली. त्याने कधी तक्रार केली नाही. घोडा हा असाच सोशिक प्राणी असावा ही आमची समजूत पस्तिशीपर्यंत टिकली, आणि बेळगावात, शहापूरच्या एका परसात, क्षणार्धात मोडली.

निमित्त झाले हजेरीपटाचे. नववीतील एक विद्यार्थी आठ दिवस शाळेत फिरकला नव्हता. (त्याचे नाव येथे देत नाही. हे लिखाण त्याला वाचून दाखविले असून त्याची संमती घेतली आहे. चांदणीची घ्यावयाची राहिली.) मुलगा अबोल, शेवटच्या बाकावर बसणारा. त्याच्याविषयी आमच्या मनात एक अढी होती, तीही सांगून टाकतो. पावसाळ्यात त्याने एक निबंध फार सुरेख लिहिला होता. आम्ही भर वर्गात शाबासकी देण्यासाठी त्याच्या पाठीवर थाप मारली, तर चटका बसावा तसा त्याने खांदा हिसडला. वर्ग हसला. आम्हांला तो उर्मटपणा वाटला आणि तेव्हापासून आम्ही त्याच्याशी कामापुरतेच बोलत होतो.

चार कडक वाक्ये मनात जुळवूनच आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील खाटेवर बसलेले, उजवा हात प्लास्टरमध्ये. मोटारसायकल घसरली होती. "या की सर, बसा," म्हणून त्यांनी डाव्या हाताने घोंगडे सारखे केले. या घराचे पोट वरातीच्या घोडीवर चालते. पौष संपत आला होता. माघातील मुहूर्तांच्या तीन विसारांचे पैसे घेऊन झाले होते. आणि घोडी तर वडिलांखेरीज कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती, उजव्या बाजूला तर मुळीच नाही. आठ दिवसांत खरारा झाला नव्हता. घाम आणि धूळ केसांत साचून राहिली, की त्यावर आवळलेला तंग कातडी सोलून काढतो. एकदा तेथे जखम झाली, की सारी लग्नसराई हातची जाते. मुलगा सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी उभा होता तो यासाठी.

आम्ही परसात गेलो. चांदणी शुभ्र, उंच, आतल्या बाजूला वळलेल्या कानांची. आम्ही गुरुजनांच्या आत्मविश्वासाने मागून गेलो व तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. पुढचे आम्हांला नीट आठवत नाही. एक खूर आमच्या गुडघ्याजवळून गेला आणि पत्र्याच्या पिंपावर आदळला, एवढे खरे. पिंपाला पडलेला पोचा अजून दाखविला जातो.

"सर, मागनं येऊ नका. तिला मागचं दिसत न्हाई."

त्या मुलाने आम्हांला दिलेला हा पहिला धडा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण ऐन शेपटीमागचे व कपाळासमोरचे तेवढे दिसत नाही. आम्ही नेमके त्या अंधारातून हात घातला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गेलो, आणि नंतर रोज जात राहिलो. प्रथम झालेली फजिती धुऊन काढावी एवढाच हेतू होता. शिवाय मुलाला दोन हात कमी पडत होते. एकाने दोर धरून तिच्याशी बोलत राहावे, दुसऱ्याने खरारा करावा, असे ते काम होते.

आमची दुसरी चूक भित्रेपणाची. लाथेच्या धास्तीने आम्ही बोटांची टोके तेवढी तिच्या अंगाला लावीत असू. तिची कातडी थरारे, शेपटीचा फटका बसे. मुलगा म्हणाला, "तुमी माशीगत हात लावताय, सर." आम्ही चकित झालो. घोड्याची त्वचा इतकी हळवी असते, की बसलेली एक माशीही त्याला कळते आणि तेवढ्याच जागेची कातडी हलवून तो तिला उडवितो. आम्हांला जो अलगद, सौम्य स्पर्श वाटत होता तो तिच्या लेखी निव्वळ छळ होता. तळहात पुरा टेकवावा, केसांच्या दिशेने, सावकाश पण ठाम फिरवावा. एकदा टेकला, की उगाच उचलून पुन्हा टेकवू नये.

मग क्रम शिकलो. खांद्याशी, तिला दिसू अशा जागी उभे राहावयाचे. आधी आवाज, मग मान, मग मानेचा शेवट व पाठीचा आरंभ होतो तो उंचवटा. घोडे एकमेकांना दातांनी खाजवितात ते बहुधा येथेच. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या कामार्ग घोड्यांच्या एका अभ्यासात असे दिसले, की या जागी खाजविले असता त्यांच्या हृदयाचे ठोके मंद होतात. लोखंडी खरारा मांसल भागावरच. तोंड, गुडघ्याखालचे पाय, कूस आणि पोट यांना मऊ ब्रश किंवा ओले फडके. आणि सर्वांत अवघड ते हे: ती शांत उभी असतानाच आपण होऊन हात काढून घ्यावयाचा. ती हिसडल्यावर काढला, तर हिसडले की सुटका होते हे ती शिकते. न काढता रेटला, तर लाथ. म्हणून कान मागे पडण्यापूर्वी, ओठ आवळण्यापूर्वी थांबता आले पाहिजे. आम्हांला ते वेळेवर दिसत नसे. मुलाला दिसे.

शब्दही आम्हांला सुचत नसत. भीतीने तोंडातून घरची कोकणीच निघे: "राव गो बाये, राव." मराठीत वाढलेल्या त्या घोडीला ती मानवली. मुलगा प्रथमच हसला.

कला शाखेचा पदवीधर संकटात पुस्तकाकडे धावतो, तसे आम्हीही धावलो. सुमारे 2400 वर्षांपूर्वी झेनोफोन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याच्या तोंडाला लाकूड-लोखंड न लावता ते पाण्याने धुवावे, आणि रागाच्या भरात घोड्याशी व्यवहार करू नये, असे तो सांगतो. अज्ञातवासात नकुल विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक नावाने राहिला, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवितो. पण त्या राजपुत्राचे दिवस कसे गेले असतील याचा विचार पहाटे साडेपाचच्या थंडीत, नखांत घोड्याचा मळ घेऊन उभे राहीपर्यंत कधी केला नव्हता.

उजव्या बाजूचे कारण वडिलांनी सांगितले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती विकत घेतली तेव्हा पुढच्या पायामागे, तंगाखाली, उघडी जखम होती. कोणी तरी तिच्यावरच तंग आवळीत राहिले होते. आता तेथे रुपयाएवढी बिनकेसांची जागा आहे. पशुवैद्यांनी दाबून पाहिले. दुखणे उरलेले नाही. उरली आहे ती आठवण.

अकराव्या दिवशी आमचा तळहात त्या जागेपर्यंत पोचला. चांदणीने मान वळवून आमच्याकडे पाहिले. आम्ही श्वास रोखला होता. मग तिचा खालचा ओठ सैल पडला, मान खाली आली आणि नाकपुड्यांतून एक लांब उच्छ्वास निघाला. आम्ही मनात पाच अंक मोजले व हात काढून घेतला.

मुलगा खूर साफ करीत होता. वर न पाहता म्हणाला, "ती मारकी न्हाई, सर. विचारत न्हाई कुणी तिला. डायरेक हात घालत्यात." थोड्या वेळाने, खुरातला खडा काढता काढता: "मला बी तसंच हुतंय."

आम्ही काही बोललो नाही. कारणही विचारले नाही. चांदणीच्या अंगावर निदान व्रण तरी दिसत होता. त्या दिवशी शाळेत चालत जाताना, गेल्या बारा वर्षांत शाबासकीच्या नावाखाली आपण किती पाठींवर थापा मारल्या आणि त्यांतील कोणकोणते खांदे आक्रसले होते, हे आठवण्याचा आम्ही प्रयत्न केला. आठवले नाहीत. पाहिलेच नव्हते, तर आठवणार कोठून?

माघातील पहिली वरात खडेबाजारातून निघाली ती आम्ही मुद्दाम पाहण्यास गेलो. झूल, गोंडे, कपाळावर चांदीची पट्टी, कानांत कापसाचे बोळे. वऱ्हाडातील एक गृहस्थ कौतुकाने उजव्या कुशीकडे हात नेऊ लागले; दोर धरलेला मुलगा न बोलता मध्ये येऊन उभा राहिला. मग त्याला आम्ही दिसलो. तो दोन पावले आमच्याकडे आला. आम्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणालो, "खरारा झकास झाला आहे."

"उजवीकडचा तुमचा हाय, सर," तो म्हणाला.

तेवढ्यात बँड सुरू झाला व तो चांदणीच्या खांद्याशी परत गेला.